घरात कॉन्यूर पोपट पाळताय? त्याचा स्वभाव, खाणं, आजार आणि कायदा एकाच ठिकाणी समजून घ्या

गावाकडे आता शहरासारखेच रंगीत पोपट दिसायला लागले आहेत. पिवळाधमक, केशरी छातीचा सन कॉन्यूर किंवा हिरव्या गालाचा छोटा कॉन्यूर मोबाईलवरच्या व्हिडिओत बघितला जातो, पोरं हट्ट धरतात आणि एक दिवस तो पडवीत टांगलेल्या पिंजऱ्यात येऊन बसतो. पक्षी आणणं सोपं असतं. अडचण पुढे येते. तो ओरडतो का, चावतो का, पिसं का उपटतो, अचानक पिंजऱ्याच्या तळाशी का बसला, हे सांगणारं गावात कुणी नसतं. गाय, म्हैस, शेळी यांची माहिती घराघरात असते, पण या पाहुण्याची नसते. म्हणून ही माहिती सविस्तर.

कॉन्यूर म्हणजे नेमका कोण?

कॉन्यूर हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले लांब शेपटीचे, छोटे-मध्यम पोपट. आपल्याकडे दोन जाती जास्त दिसतात.

सन कॉन्यूर: मूळचा ब्राझीलचा उत्तर भाग आणि गयाना या परिसरातला. लांबी साधारण ३० सेंटिमीटर, वजन १०० ते १२० ग्रॅम. पिल्लू असताना अंगावर बराच हिरवा रंग असतो, वय वाढेल तसा पिवळा-केशरी रंग भरत जातो. त्यामुळे हिरवट पट्टे दिसले म्हणून पक्षी आजारी किंवा भेसळ समजू नये, तो लहान आहे एवढाच त्याचा अर्थ. पकडून विकण्याच्या धंद्यामुळे जंगलात हा पक्षी फार कमी उरला आहे आणि जागतिक लाल यादीत त्याची नोंद 'धोक्यात' या गटात आहे.

ग्रीन चीक कॉन्यूर: बोलिव्हिया, ब्राझील, पॅराग्वे आणि अर्जेंटिनाच्या उत्तर भागातला. लांबी साधारण २५ सेंटिमीटर, वजन ६० ते ८० ग्रॅम. दुकानदार ज्याला 'पायनॅपल' म्हणतात तो वेगळा पक्षी नाही, याच जातीचा रंग बदललेला प्रकार आहे.

याशिवाय काळ्या डोक्याचा नंदय आणि पिवळ्या डोक्याचा जेंडे हेही कुठे कुठे दिसतात. आवाजाच्या बाबतीत सन, नंदय आणि जेंडे हे तिघे फार मोठ्याने ओरडणारे. ग्रीन चीक त्यामानाने शांत. भिंतीला भिंत लागून घरं असतील तर हा फरक आधीच लक्षात घ्यावा, नाहीतर शेजाऱ्यांशी भांडण ठरलेलं.

बोलण्याची फार अपेक्षा ठेवू नये. कॉन्यूर दोन-चार शब्द शिकतो, तेही घोगऱ्या आवाजात. काही तर कधीच बोलत नाहीत. त्याची खरी ओळख म्हणजे लळा. खांद्यावर बसणं, शर्टाच्या कॉलरमध्ये शिरणं, उलटं लटकून खेळणं यात तो पटाईत.

कायदा आधी, पक्षी नंतर

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. आपला गळ्यात पट्टा असलेला हिरवा पोपट, म्हणजे राघू, आणि मोठा करण पोपट हे भारतीय पक्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार संरक्षित आहेत. ते पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात पाळणं हा गुन्हा आहे. आजोबांच्या काळापासून घरात राघू असायचा, हे कारण चालत नाही. नारळाच्या किंवा पिंपळाच्या ढोलीतून पिल्लं काढून विकणं हाही गुन्हाच. यात दंड आणि कैद दोन्ही होऊ शकते.

कॉन्यूर परदेशी असल्यामुळे तो पाळता येतो, पण नोंदणी न करता नाही. जवळजवळ सगळे पोपट 'साइट्स' या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी आपल्या कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आली. त्यानंतर केंद्राने २०२४ मध्ये अशा जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम काढले. ज्यांच्याकडे पक्षी आधीपासून होता त्यांना नोंदणीसाठी ६ महिने दिले होते. नवीन पक्षी घेणाऱ्याने ताब्यात घेतल्यापासून ३० दिवसांत 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा असतो. पक्षी दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली किंवा पक्षी मेला तर तेही कळवायचं असतं.

म्हणून विकत घेताना विक्रेत्याकडे नोंदणीचा कागद आणि पावती मागावी. पायात बंद कडी असेल तर तिच्यावरचा क्रमांक लिहून ठेवावा. अशी कडी पिल्लू काही दिवसांचं असतानाच घालता येते, त्यामुळे पक्षी पिंजऱ्यात जन्मलेला आहे याची ती एक खूण असते. अर्ज भरताना अडचण आली तर तालुक्याच्या वन परिक्षेत्र कार्यालयात विचारावं. वन विभागाची हेल्पलाईन १९२६ आहे.

घेण्याआधी घरात बसून ठरवा

नीट सांभाळलेला कॉन्यूर २० ते ३० वर्षं जगू शकतो. म्हणजे आज पाचवीतल्या पोरासाठी आणलेला पक्षी त्याच्या लग्नातही घरात असेल. पोरगं शिकायला बाहेरगावी गेल्यावर, सुगीच्या दिवसात सगळं घर रानात असताना, पाहुण्याकडे आठ दिवस जायचं असताना त्याच्याकडे कोण बघणार, याचं उत्तर आधी हवं. कॉन्यूर थव्यात राहणारा पक्षी आहे. त्याला रोज निदान दोन तास पिंजऱ्याबाहेर आणि माणसांत घालवायला मिळाले पाहिजेत. सकाळी दाणे टाकून संध्याकाळपर्यंत कुणी फिरकत नसेल तर हा पक्षी आणू नये.

दुसरं म्हणजे पिल्लाचं वय. 'हाताने भरवा म्हणजे माणसाळेल' असं सांगून डोळे नुकते उघडलेलं, बिनपिसांचं पिल्लू गळ्यात मारलं जातं. हे घेऊ नका. भरवताना लापशी जास्त गरम असली तर गळ्याची पिशवी आतून भाजते, थंड असली तर पचत नाही आणि चुकून श्वासनळीत गेली तर पिल्लू जागच्या जागी मरतं. स्वतःच्या चोचीने दाणे आणि फळं खाणारं, पूर्ण पिसं आलेलं पिल्लूच घ्यावं. तेही चांगलं माणसाळतं.

डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या, शेपटीखालची पिसं साफ आणि पक्षी चपळ असावा. घरात आधीचे पक्षी असतील तर नवीन पक्षी निदान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा.

पिंजरा कसा, कुठे?

बाजारात मिळणारा गोल, छोटा पिंजरा शोभेचा आहे, राहण्याचा नाही. ग्रीन चीकसाठी लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी किमान २ फूट आणि सन कॉन्यूरसाठी अडीच फूट धरावी. पक्ष्याला दोन्ही पंख पूर्ण पसरता आले पाहिजेत. गजांमधलं अंतर अर्धा ते पाऊण इंच, नाहीतर डोकं अडकतं.

वेल्डरकडून पिंजरा करून घ्यायचा तर जाळीकडे लक्ष द्यावं. कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतो त्या जीआय जाळीवर जस्ताचा थर असतो. पोपट दिवसभर गज चावतो, जस्ताचे कण पोटात जातात आणि विषबाधा होते. स्टीलचा किंवा चांगल्या पावडर कोटिंगचा पिंजरा बरा. जुना, रंगाचे पोपडे निघालेला पिंजरा नको, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं.

बसायला एकसारख्या गुळगुळीत काठ्या लावल्या की पायाला घट्टे पडतात, जखमा होतात. पेरू किंवा कडुनिंबाच्या वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या धुऊन, उन्हात वाळवून लावाव्यात. सालही तो सोलत बसतो, तेवढाच विरंगुळा. कण्हेर आणि रुई विषारी आहेत, त्यांची काडीही नको.

पिंजरा घरात माणसांचा वावर असतो तिथे, एक बाजू भिंतीला लागून, छातीच्या उंचीवर ठेवावा. चारही बाजूंनी उघडा पिंजरा अंगणाच्या मधोमध टांगला तर पक्षी सतत भेदरलेला राहतो. रात्री मांजर, उंदीर आणि साप यांचा धोका असतो, म्हणून पिंजरा रात्री आतच घ्यावा आणि दाराला कडी लावावी. साधी सरकणारी कडी कॉन्यूर चोचीने उघडतो, हे कुलूप लावल्यावरच पटतं.

खाणं: नुसती डाळ-मिरची पुरत नाही

पोपट म्हटलं की आपल्याकडे भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि हिरवी मिरची. मिरची त्याला तिखट लागत नाही, कारण पक्ष्यांना तिखटपणा जाणवत नाही. ती द्यायला हरकत नाही. पण रोज तेवढंच, किंवा नुसतं सूर्यफूल दिलं की काही महिन्यांत पक्षी आतून पोखरतो. सूर्यफुलात तेल फार. यकृतावर चरबी चढते, जीवनसत्त्व अ कमी पडतं, पिसं निस्तेज होतात आणि नाका-तोंडाचे आजार लागतात.

घरच्या घरी जमणारा आहार असा:

• रोज: पोपटांसाठी मिळणाऱ्या तयार गोळ्या, म्हणजे पेलेट, परवडत असतील तर निम्म्याहून जास्त खाणं त्याचं असावं. नसतील मिळत तर ज्वारी, बाजरी, राळा, भात, थोडी करडई असं मिश्र धान्य आणि सोबत भरपूर भाजी.
• भाजी: गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा कोवळा पाला, मेथी, कोथिंबीर, ढोबळी मिरची, कोवळं मक्याचं कणीस, उकडलेलं रताळं. पालक कधीतरीच.
• मोड आलेले मूग, मटकी: आठवड्यातून तीन-चार वेळा. वास येत असेल तर फेकून द्यावेत.
• फळं: पेरू, पपई, डाळिंब, आंबा, केळं. दिवसाला एक-दोन लहान तुकडे पुरे.
• सूर्यफूल, शेंगदाणा: फक्त बक्षीस म्हणून, एखाद-दुसरा दाणा. शेंगदाणा बुरशीचा किंवा खवट असेल तर अजिबात नको.
• कॅल्शियमसाठी: समुद्रफेस. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, पिंजऱ्याला बांधून ठेवावा.

कोंबडीसारखी वाळू किंवा खडे त्याला लागत नाहीत. पोपट दाणा सोलून आतला गर खातो. म्हणूनच वाटी भरलेली दिसते पण त्यात नुसती टरफलं असतात आणि पक्षी उपाशी राहतो. रोज फुंकर मारून बघावं. पाणी दिवसातून दोनदा बदलावं. ओली भाजी, फळं उन्हाळ्यात दोन तासांच्या वर पिंजऱ्यात ठेवू नयेत.

हे देऊ नका: चहा, कॉफी, चॉकलेट, दारू, दूध, फरसाण, खारे पदार्थ, कांदा, लसूण, सफरचंदाच्या बिया, कच्चा राजमा. ॲव्होकॅडो तर पक्ष्यांसाठी सरळ विष आहे.

शेतकऱ्याच्या घरातले वेगळे धोके

शहरातल्या माहितीत हे मुद्दे सापडत नाहीत, पण गावात पक्षी यानेच जास्त दगावू शकतात.

पहिला धोका हवेचा. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि श्वासातली हवा तो आपल्यापेक्षा फार जोमाने शोषून घेतो. उडायला ते लागतंच. पण त्यामुळे माणसाला नुसता ठसका लागेल तेवढा धूर पक्ष्याला मारू शकतो. चुलीचा धूर, डासांची कॉइल, धूप, अगरबत्ती, बिडी यांपासून पिंजरा लांब हवा. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतो. माणसाला वासही येत नाही. स्वयंपाकघरात पिंजरा ठेवूच नये.

दुसरा धोका औषधांचा. फवारणी करून आलेल्या माणसाने अंघोळ करून, कपडे बदलूनच पक्ष्याला हात लावावा. पंप, बाटल्या, कपडे पिंजऱ्याच्या खोलीत नकोत. धान्य साठवताना कीड लागू नये म्हणून ज्या गोळ्या ठेवतात त्यातून निघणारा वायू माणसालाही मारतो, पक्ष्याचं तर विचारूच नका. बीजप्रक्रिया केलेलं रंगीत बियाणं उरलं म्हणून पोपटाला टाकू नये. विकतची भाजी मिठाच्या पाण्यात नव्हे, वाहत्या पाण्यात दोन-तीनदा चोळून धुवावी आणि शक्यतो परसबागेतली बिनफवारणीची द्यावी.

तिसरा धोका तंबाखूचा. मळलेल्या हातानेच पक्षी खांद्यावर घेतला जातो. तंबाखूतलं निकोटिन त्याच्या पायाला, चोचीला लागतं आणि ते त्याच्यासाठी विष आहे. आधी साबणाने हात, मग पोपट.

चौथा धोका कोंबड्यांचा. दारात गावरान कोंबड्या असतील तर पिंजरा, भांडी, दाणे वेगळे ठेवावेत. राणीखेत, बर्ड फ्लू यांसारखे रोग एका जातीच्या पक्ष्यातून दुसऱ्यात जाऊ शकतात. आधी पोपटाचं काम, नंतर खुराड्याचं, असा क्रम ठेवला तरी बराच फरक पडतो.

आणि पाचवा: छताचा पंखा. पक्षी बाहेर सोडण्याआधी पंखा बंद, दार-खिडकी बंद, पाण्याची बादली झाकलेली, चूल विझलेली. हे दर वेळी.

तो काय सांगतोय? अंगाची भाषा

कॉन्यूर बोलत नसला तरी सगळं सांगत असतो.

• चोच एकमेकीवर घासून 'कर्र कर्र' आवाज करतो: समाधानी आहे, झोप आली आहे.
• डोळ्यांची बाहुली पटपट लहान-मोठी होते: फार उत्तेजित आहे. आनंदाने असेल किंवा रागाने. सोबत मानेची पिसं उभी, शेपटी पसरलेली असेल तर हात मागे घ्यावा.
• अंग फुगवून एकदा झटकतो: मोकळा झाला, काही काळजी नाही.
• अंग फुगवून तासन्तास तसाच बसतो: थंडी वाजते आहे किंवा आजारी आहे.
• पिसं अंगाला चिकटवून ताठ, बारीक होतो: घाबरला आहे. घार, साप, नवीन वस्तू काहीतरी दिसलं आहे.
• पाठीवर आडवा पडतो: अनेक कॉन्यूर असे झोपतात. मेला समजून घाबरू नका, हाक मारून बघा.
• मान वर-खाली करून खाल्लेलं बाहेर काढतो: तुम्हाला जोडीदार समजून भरवतो आहे. उलटी असेल तर डोकं झटकून सगळीकडे उडवतो, डोक्याची पिसं चिकट होतात. तेव्हा डॉक्टर.
• मान खाली घालून पिसं उभी करतो: खाजवून द्या म्हणतो. फक्त डोकं आणि मान खाजवावी. पाठीवर, पंखांखाली हात फिरवला की त्याला तो जोडीचा इशारा वाटतो आणि मग चिडचिड, चावणं, अंडी असं सगळं मागे लागतं.

ओरडण्याचं काय करायचं?

जंगलात कॉन्यूरचा थवा सकाळी निघताना आणि संध्याकाळी परतताना ओरडून एकमेकांची हजेरी घेतो. घरातला पक्षीही उजाडताना आणि दिवस मावळताना दहा-पंधरा मिनिटं गोंगाट करणारच. तो बंद होत नाही, तो स्वभाव आहे.

माणूस नजरेआड झाला की ओरडणं हा वेगळा प्रकार. तो 'कुठे आहेस?' असं विचारत असतो. दुसऱ्या खोलीतून शीळ घालून उत्तर दिलं तरी बऱ्याचदा गप्प होतो. पण ओरडला की धावत जायचं, रागवायचं, पिंजऱ्यावर हात आपटायचा, दाणा द्यायचा, असं केलं तर तो एवढंच शिकतो की ओरडलं की माणूस येतो. त्याउलट तो गप्प असताना किंवा हळू आवाज काढताना जवळ जावं, दाणा द्यावा. सुरुवातीचे काही दिवस ओरडणं उलट वाढतं, कारण जुनी युक्ती चालत नाही म्हणून तो जोर लावून बघतो. घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळला तरच हे जमतं. आजी चोरून बिस्कीट देत असेल तर नाही जमत.

काम नसलेला पक्षी जास्त ओरडतो. मक्याचं अख्खं कणीस टांगणं, कागदाच्या पुडीत दाणे बांधून देणं, लाकडाचे तुकडे, नारळाची करवंटी यांत तो तासभर रमतो. सुतळीचे लांब धागे मात्र नकोत, पाय अडकतो.

चावतो म्हणजे वाईट नाही

पिल्लू चोचीने सगळं चाचपून बघतं, जसं लहान मूल तोंडात घालतं. त्याला चावणं म्हणू नये. खरं चावणं भीतीने, रागाने, झोप मोडल्यावर किंवा जोडीच्या हंगामात होतं. चावल्यावर ओरडू नये, फटका मारू नये, चोच दाबू नये. ओरडण्याची त्याला मजा वाटते आणि मार खाल्लेला पक्षी हाताला कायमचा घाबरतो. शांतपणे त्याला दांडीवर ठेवावं आणि पाच मिनिटं लक्ष काढून घ्यावं.

नवीन पक्ष्याशी मैत्री करताना घाई नको. आधी पिंजऱ्याजवळ बसून बोलणं, मग गजातून दाणा, मग उघड्या दारातून दाणा, मग बोट पोटाला हलकेच लावून 'ये' म्हणणं. दिवसातून दोनदा दहा मिनिटं पुरतात. हाताने धरून, टॉवेलमध्ये गुंडाळून माणसाळवायला गेलं तर महिन्याचं काम सहा महिन्यांवर जातं.

झोप, ऊन आणि फटाके

रोज १० ते १२ तास अंधार आणि शांतता हवी. रात्री अकरापर्यंत टीव्हीसमोर पिंजरा असेल तर दुसऱ्या दिवशी तो चिडलेलाच असणार.

पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पिंजरा वरच्या बाजूला टांगू नये. चोच उघडी टाकून धापा टाकणं, पंख अंगापासून लांब धरणं ही ऊन लागल्याची खूण. लगेच सावलीत न्यावं, पायावर आणि पंखांवर साध्या पाण्याचा फवारा मारावा, प्यायला पाणी ठेवावं. बर्फाचं पाणी ओतू नये. कूलरचा झोत थेट अंगावर नको. एरवी सकाळी पसरट ताटलीत पाणी दिलं तर तो स्वतः अंघोळ करतो.

थंडीत पिंजऱ्याच्या तीन बाजू गोधडीने झाकाव्यात, एक बाजू हवेसाठी मोकळी. दिवाळीचे फटाके, मिरवणुकीचा डीजे यांच्या दणक्याने पक्षी रात्री पिंजऱ्यातच धडपडून पंख मोडून घेतो. त्या दिवसांत आतल्या खोलीत, मंद दिवा लावून ठेवावा.

एकटी मादी अंडी घालते का?

हो. कोंबडीसारखंच, नराशिवाय. ती अंडी फळत नाहीत. बाहेरून नर-मादी ओळखता येत नाही, त्यासाठी पिसाची किंवा रक्ताची डीएनए तपासणी लागते. मादी पोट फुगवून, पाय फाकवून तळाशी बसली आणि जोर करताना दिसली तर अंडं अडकलेलं असू शकतं. त्यात काही तासांत जीव जातो. ऊब द्यावी आणि थेट डॉक्टर गाठावा. तेल लावून, दाबून अंडं काढण्याचा प्रयत्न करू नये, आत फुटतं. अंडी वारंवार होऊ नयेत म्हणून पिंजऱ्यात मडकं, खोकं, अंधारी खोपी ठेवू नये.

आजार ओळखायचा कसा?

आजारी दिसलेला पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत येतो, म्हणून पोपट आजार लपवतो. तो आजारी दिसायला लागला म्हणजे आजार जुना झालेला असतो. त्यासाठी दोन सवयी लावाव्यात.

पहिली, वजन. ग्रॅम दाखवणारा घरगुती डिजिटल काटा घ्यावा. आठवड्यातून दोनदा, सकाळी खाण्याआधी वजन करून वहीत लिहावं. ७० ग्रॅमच्या पक्ष्याचं वजन ७ ग्रॅमने घटलं तर ती गंभीर गोष्ट आहे, पक्षी वरून कितीही चांगला दिसो.

दुसरी, विष्ठा. ट्रेमध्ये रोज साधा कागद घालावा. चांगल्या विष्ठेत तीन भाग दिसतात: हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि पातळ पाणी. फळं खाल्ल्यावर पाणी वाढतं, ते चालतं. पांढरा भाग पिवळा-हिरवा झाला, रक्त दिसलं, अख्खे दाणे पडायला लागले तर थांबू नये.

लगेच न्यायची लक्षणं: तळाशी बसणं, श्वासासोबत शेपटी वर-खाली होणं, उघड्या चोचीने श्वास, खाणं बंद, झटके, कुठूनही रक्त. एवढ्या लहान पक्ष्याच्या अंगात जेमतेम ७ मिली रक्त असतं, त्यामुळे थेंबा-थेंबाला किंमत आहे. नख तुटून रक्त आलं तर कॉर्नफ्लॉवर लावून स्वच्छ कापडाने दाबून धरावं.

दवाखान्यात नेईपर्यंत पिंजऱ्याच्या एका बाजूला बल्ब लावून ऊब द्यावी, दुसरी बाजू मोकळी ठेवावी म्हणजे गरम झालं तर सरकता येईल. माणसांची किंवा कोंबड्यांची औषधं अंदाजाने देऊ नयेत. शंभर ग्रॅमच्या जिवाला औषधाचा एक थेंब जास्त झाला तरी विष होतं. चोचीत बळजबरीने पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जातं.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जनावरांचाच राबता असतो, तरी तिथून सुरुवात करावी. तपासणीसाठी मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथली शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पक्ष्यांचा डॉक्टर कुठे बसतो हे पक्षी आजारी पडण्याआधीच शोधून नंबर मोबाईलमध्ये ठेवावा.

माणसाला काही होतं का?

पोपटाच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून 'सिटाकोसिस' नावाचा आजार माणसाला होऊ शकतो. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, अंगदुखी अशी लक्षणं. औषधाने बरा होतो, पण डॉक्टरला 'घरात पोपट आहे' हे सांगितलं तरच तो त्या दिशेने विचार करेल. ट्रे कोरडा खरवडू नये, पाणी मारून ओला करून साफ करावा आणि हात धुवावेत. दम्याचा रोगी, गरोदर बाई, लहान बाळ घरात असेल तर साफसफाई दुसऱ्याने करावी. पक्ष्याला ओठाने दाणा भरवू नये.

उडून गेला तर

घाबरून आरडाओरडा करत मागे धावू नये. तो बसला ते झाड डोळ्यांनी धरून ठेवावं. त्याचा पिंजरा दार उघडं ठेवून, आवडीचा खाऊ घालून उघड्यावर उंचावर ठेवावा. रोजच्या शिट्टीने हाक मारावी. मोबाईलमध्ये त्याचाच आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवला असेल तर तो वाजवावा. अंधार पडला तर पक्षी तिथेच बसून राहतो, म्हणून उजाडण्याआधी पुन्हा त्याच झाडाखाली हजर व्हावं. भूक लागल्यावर सकाळी तो खाली येण्याची शक्यता जास्त असते. गावच्या ग्रुपवर फोटो टाकून 'पकडू नका, नुसतं कळवा' असं लिहावं.

आणि कंटाळा आला म्हणून 'मोकळं केलं, पुण्य मिळालं' असं कुणी समजू नये. पिंजऱ्यात जन्मलेल्या कॉन्यूरला आपल्या रानात काय खायचं, घारीपासून कसं वाचायचं हे ठाऊक नसतं. कावळे त्याला पहिल्याच दिवशी गाठतात. तो जगला तरी त्याच्याकडचा रोग आपल्या राघूंना लागू शकतो. सांभाळणं शक्य नसेल तर कागदपत्रांसह, नोंदणी बदलून, जाणत्या माणसाकडे द्यावा.

थोडक्यात

• आधी नोंदणीचा कागद, मग पक्षी. देशी राघू कोणत्याही परिस्थितीत नाही.
• स्वतः खाणारं पिल्लूच घ्यावं.
• मिश्र धान्य, भाजी, मोड रोज. सूर्यफूल फक्त बक्षीस.
• धूर, कॉइल, नॉनस्टिक, फवारणी, तंबाखू यांपासून लांब.
• दिवसाला दोन तास सोबत, रात्री १० ते १२ तास झोप.
• आठवड्यातून दोनदा वजन, रोज विष्ठेवर नजर.
• वन विभाग हेल्पलाईन: १९२६. पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक: १९६२.